एसीत गॅस भरून घेताना : खान्देशातल्या नवख्यांसाठी

होळी झाली की जळगाव-भुसावळकडे एसीच्या मेकॅनिकचा फोन लागणं मुश्कील. लागलाच तर तो दोन दिवसांनी येतो, इनडोअरपुढे हात धरून बघतो, आउटडोअरला गेज (दाब मोजायचं घड्याळ) लावतो आणि सांगून टाकतो, "भाऊ, गॅस उडी गया." अर्ध्या तासात गॅस भरून होतो, तीन-साडेतीन हजार जातात, खोली गार पडते. पुढच्या वर्षी आखाजीच्या आसपास पुन्हा तेच. आमच्या घरी, बिल्डिंगमध्ये आणि रावेरकडच्या नातेवाइकांकडे हे काम उभं राहून करून घेताना जे समजलं, ते इथे क्रमाने लिहितोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा. एसीतला गॅस वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत असतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, आउटडोअरमध्ये तो उष्णता सोडून पातळ म्हणजे द्रव होतो, इनडोअरमध्ये त्याची वाफ होताना खोलीतली उष्णता ओढून घेतो आणि परत कॉम्प्रेसरकडे जातो. घरातल्या फ्रिजमध्ये दरवर्षी कोणी गॅस भरत नाही, तसाच एसीतही भरायला लागू नये. कमी झाला असेल तर कुठून तरी गळला आहे. ठिबकची नळी फाटलेली असताना मोटारीचं प्रेशर वाढवून शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही, हे केळीवाल्यांना वेगळं सांगायला नको. "दरवर्षी थोडा गॅस टाकायलाच लागतो" असं कोणी म्हणालं, तर त्याला गळती शोधायची नाहीये एवढाच त्याचा अर्थ.

हा लेख स्वतः गॅस भरण्यासाठी नाही. त्याला लागणारी हत्यारं महाग आहेत आणि आताचे बरेचसे गॅस पेट घेणारे आहेत. काम मेकॅनिकच करणार. ते आपल्यासमोर नीट होतंय की नाही, हे आपल्याला कळावं म्हणून हा खटाटोप.

१. गॅसच कमी आहे का, ते आधी बघा

खान्देशात एसी गार करत नाही याची निम्मी-अधिक कारणं गॅसशी संबंधित नसतात, असं माझं मत आहे. मेकॅनिकला बोलावण्याआधी एवढं करा.

इनडोअरची जाळी काढून धुवा. मार्च ते मे वाऱ्याबरोबर जी माती येते तिने जाळी पंधरा दिवसांत भरते. जिनिंगच्या आसपास राहत असाल तर कापसाचा बारीक तूस आउटडोअरच्या पत्र्यांवर गोधडीसारखा बसतो आणि हवा आरपार जातच नाही. मेन स्विच बंद करून आउटडोअर मागच्या बाजूने साध्या पाण्याने धुऊन घ्या. प्रेशर वॉशर अगदी जवळून मारू नका, ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे वाकतात.

व्होल्टेज बघा. एप्रिल-मेच्या रात्री सगळ्या गल्लीचे एसी-कूलर एकदम चालू होतात तेव्हा ते किती खाली जातं, ते स्टॅबिलायझरवर दिसतं. जुन्या नॉन-इन्व्हर्टर एसीचा (ज्यात कॉम्प्रेसरचा वेग बदलत नाही) कॉम्प्रेसर कमी व्होल्टेजला सुरूच होत नाही. नुसता घुंई आवाज करून ट्रिप होतो. खराब कपॅसिटरचं (कॉम्प्रेसर सुरू व्हायला जोर देणाऱ्या भागाचं) लक्षणही असंच असतं, आणि कपॅसिटर काही शे रुपयांत बदलून मिळतो. आउटडोअरचा पंखा फिरतोय का, नेहमीच्या वेगाने फिरतोय का, हेही गच्चीवर जाऊन डोळ्यांनी बघा.

आता खास आपल्याकडचे तीन गैरसमज.

पहिला, "पाइपमधून पाणी पडत नाही, म्हणजे गॅस गेला." एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की इनडोअरच्या कॉइलवर (गार होणाऱ्या नळ्यांवर) पाणी जमायला हवेत बाष्पच नसतं. तोच एसी जुलैत बादलीभर पाणी काढतो. पाइपला घाम येतो की नाही, ही खूणही कोरड्या उन्हाळ्यात फारशी भरवशाची नाही.

दुसरा, "दुपारी गार होत नाही, रात्री होतं, म्हणजे गॅस कमी." एसीचा टनेज (गार करायची क्षमता) बाहेरचं तापमान ३५ अंश धरून मोजलेला असतो. भुसावळला मे महिन्यात ४५-४६ अंश होतात, शिवाय आउटडोअर तापलेल्या स्लॅबवर, तिथे पारा आणखी वर. त्या वेळी दीड टनाचा एसी दीड टनाचं काम करूच शकत नाही. त्यात वरच्या मजल्यावरची खोली असेल तर स्लॅबच रात्री दहापर्यंत उष्णता सोडत असतो. अशा वेळी आउटडोअरवर सावली करणं आणि गच्चीला पांढरा रंग मारणं जास्त उपयोगाचं. सावली करताना पंख्यासमोरची आणि मागची हवा मात्र अडवू नका. काही जण आउटडोअरवर ओलं पोतं टाकतात किंवा पाण्याची धार सोडतात. आपल्या बोअरच्या जड पाण्याने दोन उन्हाळ्यांत पत्र्यांवर पांढरा क्षार चढतो, मग तो निघत नाही.

तिसरा घोळ कूलरचा. हॉलमध्ये कूलर आणि मधलं दार उघडं ठेवून बेडरूममध्ये एसी चालवला तर कूलरने हवेत घातलेलं पाणी एसीला पुन्हा काढत बसावं लागतं. दोन्ही एकाच हवेत नकोत.

आता गॅस खरोखर कमी असल्याच्या खुणा: आउटडोअरच्या बारीक पाइपच्या नटजवळ बर्फ जमणं, इनडोअरच्या कॉइलचा एकच भाग गार आणि बाकी कोमट असणं, कॉम्प्रेसर न थांबता चालत असूनही खोलीचं तापमान न उतरणं आणि एसी नेहमीपेक्षा कमी अँपिअर (विजेचा प्रवाह) घेणं. बर्फ पूर्ण कॉइलवर पसरलेला असेल तर आधी जाळी आणि पंखा तपासा. हवा कमी मिळाली तरी कॉइल गोठते.

घरातला साधा थर्मामीटर घ्या. एसी पूर्ण गारव्यावर वीस मिनिटं चालवून, आत ओढली जाणारी हवा आणि बाहेर पडणारी हवा, दोन्हींचं तापमान मोजा. फरक १० अंशांच्या आसपास किंवा जास्त असेल तर गॅस कमी असण्याची शक्यता फार थोडी. फरक चार-पाच अंशच असेल आणि जाळी, कॉइल, पंखा सगळं साफ असेल, तर पुढच्या पायरीकडे वळा.

२. कागद आणि प्लेट शोधून ठेवा

एवढं हाताशी असू द्या:

- एसीचं बिल आणि वॉरंटी कार्ड
- इनडोअर-आउटडोअर दोन्हींवरच्या प्लेटचे मोबाइलवर काढलेले फोटो
- आधी गॅस भरला असेल तर त्याचं बिल, निदान महिना-वर्ष
- वार्षिक देखभाल करार केला असेल तर त्याचा कागद
- पाइपची लांबी अंदाजे किती मीटर

आउटडोअरच्या बाजूला चिकटवलेली प्लेट या सगळ्या कामाचा पाया आहे. गॅसचं नाव आणि किती ग्रॅम किंवा किलो भरायचा, हे तिच्यावर लिहिलेलं असतं. उन्हाने ती पांढरी पडते आणि मग काहीच वाचता येत नाही, म्हणून एसी नवीन असतानाच फोटो काढून ठेवा.

वॉरंटी नीट वाचा. पहिल्या वर्षात गळतीचं काम बहुतेक वेळा वॉरंटीत बसतं. पुढची पाच किंवा दहा वर्षांची वॉरंटी मात्र बहुतेक वेळा फक्त कॉम्प्रेसरची असते, गॅस आणि मजुरी आपल्या खिशातून. वॉरंटीत असलेला एसी बाहेरच्या माणसाने उघडला तर कंपनी हात वर करू शकते.

एक सापळा इथेच आहे. कंपनीचा ग्राहक सेवा नंबर नेटवर शोधून जो वर येईल तो लावू नका. त्यातले बरेच नंबर भलत्यांचेच असतात. "आगाऊ बुकिंगचे दहा रुपये भरा" म्हणत लिंक पाठवतात आणि खातं साफ करतात. नंबर वॉरंटी कार्डावरून किंवा एसीवरच्या स्टिकरवरून घ्या.

३. आपल्या एसीत कोणता गॅस आहे

घरगुती एसीत आपल्याकडे मुख्यतः चार गॅस सापडतात.

आर-२२ जुन्या एसीत. ओझोनचा थर खराब करतो म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार तो टप्प्याटप्प्याने बंद होत चाललाय. २०३० नंतर फक्त जुनी यंत्रं दुरुस्त करण्यापुरता नाममात्र उरेल. तो महागत जाणार आणि त्यात भेसळही वाढणार.

आर-४१०ए हे आर-३२ आणि आर-१२५ या दोन गॅसांचं निम्मं-निम्मं मिश्रण आहे. मिश्रण असल्यामुळे तो सिलिंडरमधून पातळ स्वरूपातच काढायचा असतो, तळाशी नळी नसलेला सिलिंडर त्यासाठी उलटा धरतात. वरची नुसती वाफ भरली तर प्रमाण बिघडतं.

आर-३२ आता बहुतेक नव्या इन्व्हर्टर एसीत असतो. ओझोनला त्रास नाही, पण तो पेट घेऊ शकतो. सहज नाही, तरी घेऊ शकतो.

आर-२९० म्हणजे प्रोपेन, स्वयंपाकाच्या गॅसमध्ये असतो तोच. थोड्या कंपन्यांच्या एसीत मिळतो. याला फक्त त्या कंपनीच्या प्रशिक्षित माणसाने हात लावायचा.

ज्या एसीत जो गॅस लिहिलाय तोच भरायचा. "आर-२२ मिळत नाही, आर-३२ टाकून देतो" असं कोणी म्हणालं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. आर-३२ चा दाब आर-२२ च्या दीडपटीहून जास्त असतो आणि दोघांचं कॉम्प्रेसर ऑइलही वेगळं. आर-२२ च्या एसीत स्वस्तातला पेट घेणारा हायड्रोकार्बन भरण्याचे प्रकारही चालतात. एसी गारही होतो, म्हणून कोणाला शंका येत नाही. पण त्या एसीची वायरिंग आणि स्विच अशा गॅससाठी बनवलेले नसतात.

४. फोनवरच विचारून घ्या

घरी आल्यावर भिडेखातर आपण काही बोलत नाही, म्हणून हे फोनवर विचारा:

- "दादा, व्हॅक्यूम पंप आणणार ना?"
- "वजनकाटा आहे का?"
- "नायट्रोजनने प्रेशर टेस्ट करता का? त्याचे वेगळे किती?"
- "गळती सापडली नाही तर काय करणार?"
- "पाचशे ग्रॅम लागला तरी पूर्ण पैसे, की वजनाप्रमाणे?"

पहिल्या दोन प्रश्नांना "त्याची काही गरज नसते" असं उत्तर आलं तर दुसरा माणूस बघा. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा ट्रेड केलेली मुलं जळगाव, धुळे, भुसावळ सगळीकडे आहेत. सावदा-फैजपूर-रावेर पट्ट्यात केळी पिकवण्याच्या चेंबरवर काम करणारे मेकॅनिक असतात. रोज मोठ्या यंत्रांवर हात बसलेला असल्यामुळे गळती शोधण्यात मला ते जास्त चिकाटीचे वाटले.

शक्य असेल तर हे काम महाशिवरात्रीच्या सुमारास उरका. मेमध्ये मेकॅनिकला दिवसात दहा घरं करायची असतात. तुमच्याकडे तो तीन तास थांबणार नाही, आणि नीट कामाला दोन-तीन तास लागतातच. मेमध्येच करायची वेळ आली तर सकाळी सातची वेळ मागा. तापलेल्या स्लॅबवर उभ्या माणसाकडून बारकाईची अपेक्षा धरणं बरं नाही. गच्चीवर त्याच्यासाठी पाणी ठेवा. आउटडोअर भिंतीवर लटकलेलं असेल तर सेफ्टी बेल्टशिवाय चढू देऊ नका, स्टँड गंजलेला असेल तर मुळीच नाही.

५. गळती शोधल्याशिवाय गॅस नको

सगळ्या कामात इथेच जास्तीत जास्त वेळ जायला हवा, आणि इथेच तो वाचवला जातो.

एसी बंद करायला सांगा. बंद असताना सगळ्या नळ्यांत दाब सारखा होतो आणि बारीक पाइपकडची गळतीही दिसते. मेकॅनिक साबणाचं पाणी करेल. भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब अर्ध्या वाटी पाण्यात पुरतात. फेस आधीच नको, नाहीतर गळतीचे बुडबुडे ओळखू येत नाहीत. ब्रशने ते पाणी आउटडोअरच्या दोन नटांवर गोल फिरवून लावायचं आणि हात मागे घ्यायचा. मोठी गळती लगेच फसफसते. बारीक गळतीत आधी काहीच होत नाही. मग नटच्या कडेला मोहरीएवढा एक बुडबुडा येतो, त्याच्या बाजूला दुसरा, आणि मिनिटभरात तिथे पांढऱ्या फेसाची बारीक रेघ तयार होते. बहुतेक मेकॅनिक दहा सेकंद बघून "इथे काही नाही" म्हणतात. तुम्ही मिनिटभर बघा.

साबण लावण्याआधी कोरडे नट नुसते डोळ्यांनीही तपासा. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं थोडं तेलही बाहेर येतं आणि त्यावर धूळ चिकटते. बाकीचा नट राखाडी आणि एकीकडे काळपट ओशट डाग असेल, तर गळती बहुधा तिथेच.

तपासायच्या जागा, सापडण्याच्या क्रमाने:

- आउटडोअरचे दोन्ही फ्लेअर नट (पाइपचं पसरवलेलं टोक घट्ट धरणारे)
- जिथून गॅस भरतात त्या व्हॉल्व्हची पिन. टोपी काढून तिच्यावर साबण लावा
- इनडोअरच्या मागचे दोन जोड, टेपमध्ये गुंडाळलेले
- पाइपला मध्ये कुठे जोड दिला असेल तर तो
- इनडोअर कॉइलची वळणं
- आउटडोअर कॉइल आणि कॉम्प्रेसरजवळचे ब्रेझिंग (ज्योतीने धातू वितळवून दिलेले जोड)

उन्हाने पाइपवरची टेप आणि काळा फोम फुटून गळून पडतो, मग उंदीर-खारी तो कुरतडतात. पाइप एकमेकांवर किंवा पत्र्याच्या कडेवर घासत असेल तर तिथे छिद्र पडतं. हे सगळं गच्चीवर दहा मिनिटांत बघून होतं.

गावाकडच्यांसाठी एक खास सूचना. आउटडोअर गोठ्याच्या भिंतीला लावू नका. गोमूत्र-शेणातून जो अमोनिया सुटतो, तो तांब्या-पितळेला खातो. पितळेच्या नटला त्याने केसासारखी चीर जाते. नट घट्ट असतो, पाना लावला की फिरत नाही, आणि गळती चालूच राहते. उघडी गटार आणि संडासच्या टाकीचा पाइप यांच्या जवळही आउटडोअर नको, तिथल्या वायूने तांब्याची कॉइल काळी पडते आणि हळूहळू सच्छिद्र होते.

फ्लेअर नट गळत असेल तर तो नुसता जोर लावून आवळू देऊ नका. जास्त आवळला की तांब्याची कड आणखी पातळ होते. पाइपचं टोक कापून नवीन फ्लेअर करणं हा खरा इलाज, आणि तो फार खर्चाचाही नाही. पिन गळत असेल तर पिन बदलून मिळते. इनडोअरची कॉइल गळत असेल तर हिशेब मांडा: एसी सात-आठ वर्षांचा, आर-२२ वाला आणि कॉइलची किंमत नव्या एसीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त असेल, तर मी तरी पैसे घालणार नाही.

६. दुरुस्ती आणि प्रेशर टेस्ट

ब्रेझिंग करायचं असेल तर त्याआधी यंत्रातला सगळा गॅस बाहेर काढलेला हवा. नीट पद्धत म्हणजे रिकव्हरी मशीनने तो वेगळ्या सिलिंडरमध्ये घेणं. आपल्याकडे ही मशीन थोड्यांकडे असते, पण विचारा जरूर. आर-३२ हवेत सोडला तर कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ६७५ पट उष्णता धरून ठेवतो. पाइपमध्ये गॅस असताना ज्योत लावली तर आर-३२ पेटू शकतो, आर-२२ पासून विषारी वायू तयार होतात. बंद खोलीत गॅस सोडू देऊ नका. खिडक्या उघड्या, देवघरातला दिवा आणि गॅसची शेगडी बंद.

दुरुस्तीनंतर पाइपमध्ये कोरडा नायट्रोजन भरून दाब देतात. किती द्यायचा ते कंपनीच्या मॅन्युअलमध्ये असतं, साधारण ३०० ते ४०० पीएसआयच्या (हे दाबाचं एकक) घरात. गेजवरचा आकडा मोबाइलवर टिपून ठेवा. अर्ध्या तासाने तोच आकडा हवा. ऊन चढत असेल तर काटा किंचित इकडेतिकडे होतो, पण खाली सरकत गेला तर गळती उरलीय.

नायट्रोजनच्या जागी ऑक्सिजनचा सिलिंडर कधीही नको. वेल्डिंगवाल्याकडून तो सहज मिळतो म्हणून वापरणारे भेटतात. दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचं तेल एकत्र आलं की स्फोट होतो. सिलिंडरवर काय लिहिलंय ते तुम्ही स्वतः वाचा, संशय असेल तर काम थांबवा.

७. व्हॅक्यूम

नायट्रोजन सोडून दिल्यावर पाइपमधली हवा आणि ओल काढायला व्हॅक्यूम पंप लावतात. किमान वीस ते तीस मिनिटं तो चालला पाहिजे. व्हॅक्यूम मोजायचं मीटर असेल तर ते ५०० मायक्रॉनच्या (अगदी कमी दाबाचं एकक) खाली जायला हवं. इतक्या कमी दाबाला पाणी शून्याखालच्या तापमानातही उकळतं, म्हणून ओल वाफ होऊन निघून जाते. साध्या गेजचा काटा दोन मिनिटांतच उणे ३० वर जाऊन टेकतो. तो टेकला म्हणजे काम झालं असं नाही, पुढचं त्याला दिसतच नाही. पंप बंद करून, व्हॉल्व्ह लावून दहा मिनिटं थांबायचं. काटा वर आला तर पुन्हा मागे, पाचव्या पायरीवर.

पंप न लावता "गॅसनेच हवा ढकलून काढतो" ही पद्धत फार चालते. तिच्यात ओल आतच राहते, आणि आर-३२ व आर-४१०ए च्या एसीतलं तेल ओल पटकन शोषून आम्ल तयार करतं. कॉम्प्रेसरची वाइंडिंग वर्ष-दोन वर्षांनी जाते आणि तेव्हा दोष व्होल्टेजला दिला जातो.

८. गॅस वजनानेच

आता सिलिंडर वजनकाट्यावर ठेवतील. प्लेटवर ०.८५ किलो लिहिलंय असं धरू. काट्यावर सुरुवातीला ९.४६० दिसत असेल तर ८.६१० ला व्हॉल्व्ह बंद. एवढं साधं आहे. काट्याचा दोन्ही वेळचा फोटो काढा. छोटा कॅन आणला असेल तरी भरण्याआधी आणि नंतर तोही काट्यावर ठेवायला सांगा.

पाइप ठरलेल्या लांबीपेक्षा जास्त असेल तर जादा मीटरमागे थोडा गॅस वाढवतात. बऱ्याच दीड टनी मॉडेलना तो मीटरला पंधरा-वीस ग्रॅमच्या आसपास असतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये.

"गेजवर बघून भरतो, वीस वर्षांचा अनुभव आहे" याला काय म्हणायचं? चालू एसीत आर-२२ चं बॅक प्रेशर (कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या गॅसचा दाब) साधारण ६० ते ७५ आणि आर-३२, आर-४१०ए चं ११० ते १४० पीएसआय असतं, हे खरं. पण हा आकडा बाहेरच्या उन्हावर, खोलीच्या तापमानावर, जाळी साफ आहे की नाही यावर हलतो. मेच्या दुपारी गॅस थोडा कमी असूनही काटा बरोबर दिसेल, जानेवारीत पूर्ण असूनही कमी दिसेल. इन्व्हर्टर एसीत तर कॉम्प्रेसरचा वेगच बदलत राहतो, त्यामुळे गेजच्या काट्याला अर्थच उरत नाही. गेज पडताळणीसाठी ठेवा, मोजमाप वजनकाट्याने करा.

त्याच कारणाने वरून थोडा टॉप-अप करणंही मला पटत नाही. आत किती शिल्लक आहे हे कोणालाच माहीत नसतं, मग किती टाकायचा हे कसं ठरणार? उरलेला काढून, व्हॅक्यूम करून, पूर्ण वजनाने भरणं हाच हिशेब जुळतो. जास्त गॅस हा कमीइतकाच वाईट. अँपिअर वाढतात, कॉम्प्रेसर तापतो, दुपारी ट्रिप होतो आणि पुन्हा "गॅस कमी" म्हणून कोणीतरी आणखी भरतो.

पातळ गॅस अंगावर उडाला तर कातडी गोठते. मेकॅनिकच्या हातात मोजे आणि डोळ्यांवर चष्मा असावा. पोरांना गच्चीवरून खाली पाठवा.

९. पैसे देण्याआधी

एसी १८-२० अंशांवर लावून वीस मिनिटं चालू द्या. इन्व्हर्टर असेल तर टेस्ट मोडवर. थर्मामीटरने पहिल्या पायरीतला फरक पुन्हा मोजा. टाँग टेस्टर (वायरीभोवती धरायचं मीटर) लावून अँपिअर बघायला सांगा आणि प्लेटवरच्या आकड्याशी ताडून घ्या. व्हॉल्व्हच्या पितळी टोप्या परत बसल्यात का? या टोप्या हरवलेले आउटडोअर गच्चीगच्चीवर दिसतात, आणि पिन थोडी गळकी असेल तर गॅस अडवायला तीच टोपी असते. पाइपवर नवा फोम आणि टेप लावून घ्या.

बिलावर गॅसचं नाव, किती ग्रॅम, गळती कुठे होती, काय बदललं आणि किती दिवसांची हमी, एवढं लिहून घ्या. नुसतं "गॅस चार्जिंग" लिहिलेल्या कागदावरून पुढच्या वर्षी काहीच सिद्ध होत नाही.

१०. एसी हलवताना, आणि बंगल्यातले मोठे एसी

घर बदलताना एसी काढायचा असेल तर गॅस आउटडोअरमध्ये गोळा करून बंद करता येतो. एसी चालू ठेवून आधी बारीक पाइपचा व्हॉल्व्ह बंद, गेजचा काटा शून्याजवळ आला की जाड पाइपचा बंद, आणि लगेच एसी बंद. पाइप सुटलेला असताना किंवा गॅस आधीच गळून गेलेला असताना हे करू देऊ नका. कॉम्प्रेसर हवा ओढतो आणि फुटू शकतो. यात माणसं जखमी झालेली आहेत. नव्या घरी बसवताना व्हॅक्यूम पुन्हा लागतोच, गॅस तोच असला तरी.

बंगल्यात साडेपाच किंवा साडेआठ टनाचा डक्टेबल एसी (मोठ्या नळकांड्यांतून, म्हणजे डक्टमधून, खोल्यांत हवा देणारा) असेल तर नियम हेच, फक्त पाइप लांब आणि जोड जास्त. तिथे गारवा कमी झाल्यावर आधी फॉल्स सीलिंगवर चढून डक्टचे जोड सुटलेत का ते बघा. खोलीत यायची थंड हवा पोटमाळ्यात जात असते आणि खाली गॅसचं बिल फाडलं जातं. मोठ्या यंत्रात कॉम्प्रेसर दोन असतील तर बहुधा सर्किटही (गॅस फिरायचे वेगळे मार्ग) दोन असतात. कोणत्या सर्किटचा गॅस गेलाय ते ठरवल्याशिवाय दोन्हींत भरू देऊ नका, आणि बिलावर दोन्हींची वजनं वेगवेगळी लिहून घ्या.